ङांबोतल्या ओट्यावरची संध्याकाळ

झांझिबारच्या दगडी शहराला लागून पूर्वी एक खाडी होती. भरतीला पाणी आत शिरायचं आणि गावाचे दोन तुकडे पडायचे. समुद्राकडच्या अंगाला सुलतानाचा वाडा, नक्षीचे दरवाजे, लवंगांच्या आणि कापडाच्या पेढ्या. खाडीपलीकडे ङांबो. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थच 'पलीकडची बाजू'. (या उच्चाराला आपल्याकडे नेमकं अक्षर आहे, 'वाङ्मय'मधला ङ. फक्त त्याने शब्द सुरू करायची आपल्याला सवय नाही.) १८९७ साली झांझिबारमध्ये गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपली. मळ्यांवरून सुटलेली माणसं, त्यांची मुलंबाळं, हमाल, मच्छीमार, कांडपिणी या पलीकडच्या बाजूला येऊन राहू लागल्या. घरं तिवराच्या वाशांची, मातीने लिंपलेली, वर नारळाच्या झावळ्यांचं छप्पर. आणि घराबाहेर भिंतीला धरून बराझा. बराझा म्हणजे आपला ओटाच. येणाराजाणारा तिथे टेकणार, कडू काळी कॉफी छोट्या वाटीतून पिणार, सोबत शेंगदाण्याच्या किंवा खोबऱ्याच्या चिक्कीसारखा कशाता, आणि दिवसभरात गावात काय झालं ते तिथेच निघणार.

१९२०च्या दशकात ङांबोतल्या एका घरी अशी संध्याकाळ रोज भरायची. घर सिती बिंती साद या गायिकेचं. इशाची नमाज झाली की वादक येत. स्वाहिली घड्याळात तेव्हा 'रात्रीचे दोन' वाजलेले असतात, म्हणजे आपले आठ, कारण तिथे रात्रीचे तास सूर्यास्तापासून मोजतात. मआलिम शाबान, सुबैत अंबर, बुदा बिन स्वेदी, म्बारुक हे तिचे साथीदार. शेजारीपाजारीही येत. तालीम होई, पण तालमीइतकाच वेळ बोलण्यात जाई. कोणाला कोर्टात काय शिक्षा झाली, कोणत्या साहेबाने काय निवाडा दिला, कोणाचा नवरा कुठे पळाला. त्या बोलण्यातून गाणी निघत.

सितीबद्दल जे लिहिलं जातं त्यात 'पूर्व आफ्रिकेची पहिली मोठी गायिका' आणि 'मुंबईला जाऊन तबकड्या भरणारी' या दोन गोष्टी पुढे असतात. दोन्ही बरोबर आहेत. पण तिचं गाणं समजून घ्यायचं तर मुंबईच्या आधी ह्या ओट्यावर बसावं लागतं. तबकडीवर आवाज उतरला, ओटा उतरला नाही.

ती जन्मली १८८०च्या सुमारास, फुंबा गावात. उंगुजा या झांझिबारच्या मुख्य बेटाच्या नैर्ऋत्येला एक चिंचोळं टोक समुद्रात घुसलंय, तिथे. घरी मडकी करायचं काम. जन्मनाव म्तुम्वा. या शब्दाचा एक अर्थ गुलाम, असं नाव मुलीला पडावं असा तो काळ. 'सिती' म्हणजे बाईसाहेब, ते नाव पुढे शहरात मिळालं.

मडक्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तिचा आवाज तिथून आला. स्वाहिली किनाऱ्यावर हे काम बायकांचं आणि चाकाशिवायचं. मातीतले खडे वेचून, ती पायाने किंवा हाताने मळून, वळकट्या एकावर एक चढवत भांडं उभं करायचं. आतून एका हाताचा आधार, बाहेरून करवंटीच्या किंवा शिंपल्याच्या तुकड्याने घासून भिंत सारखी करायची. मग सावलीत वाळवण. इथे घाई केली की सगळं फुकट जातं, कारण आत ओल राहिली तर आगीत त्या पाण्याची वाफ होते आणि मडकं तडकतं. भाजणी भट्टीत नाही, उघड्यावर, झावळ्या आणि काटक्या रचून. वारा एका बाजूने लागला तर त्या बाजूला भांडं कच्चं राहतं. एवढं करून वाचलेला माल डोक्यावर घ्यायचा, शहराची वाट धरायची आणि गल्लीगल्लीत ओरडून विकायचा. माडीवरच्या बाईला आवाज पोचला तरच गिऱ्हाईक. सितीचा आवाज लांबून ओळखू येई, अशी तिची ख्याती मडकी विकतानाचीच आहे. डोक्यावर ओझं घेऊन चालत, मान स्थिर ठेवून, श्वास पुरवत मोठ्याने हाक घालायची याहून चांगला रियाज मला सुचत नाही.

१९११ साली ती शहरात राहायला आली. तिथे अली मुहसिन नावाच्या वादकाने तिला गाणं शिकवलं. अरबी गाणी आणि कुराणपठणही ती शिकली. पठणाच्या शिस्तीत प्रत्येक अक्षराचं स्थान ठरलेलं असतं, कोणतं घशातून, कोणतं टाळूवरून. कुठला स्वर किती लांबवायचा, श्वास कुठे तोडायचा आणि कुठे अजिबात तोडायचा नाही, याचे नियम असतात. ज्याने हे घोटलं त्याचा शब्द गाण्यात कधी विरघळून जात नाही. सितीच्या खरखरणाऱ्या तबकड्यांतही शब्द स्वच्छ उभे राहतात, त्याचं कारण मला इथे दिसतं.

ताराब हा गानप्रकार तेव्हा वाड्यावरचा. सुलतान बर्घाशने, ज्याची कारकीर्द १८७० ते १८८८, आपला माणूस कैरोला पाठवून कानून हे तंतुवाद्य वाजवायला शिकवून आणला, तिथून झांझिबारी ताराबची गोष्ट सांगतात. १९०५ साली इख्वानी सफा हा क्लब निघाला. गाणं अरबीत, गाणारे पुरुष, ऐकणारे वरच्या थरातले. सितीने ते स्वाहिलीत आणलं आणि खाडी ओलांडून ङांबोत नेलं. ती सुलतान खलिफा बिन हारुबच्या वाड्यावरही गायली. म्हणजे वाडा सोडला असं नाही. दोन्हीकडे गायली, पण गाणी रचली जात होती पलीकडच्या बाजूला.

आता रचना. ताराबच्या गाण्याचं कडवं बहुधा तीन ओळींचं. प्रत्येक ओळीचे दोन अर्ध. अक्षरं मोजायची, मात्रा नाहीत. अर्धात सहा अक्षरं, नाहीतर आठ. पहिल्या अर्धांच्या शेवटी एक यमक, दुसऱ्या अर्धांच्या शेवटी दुसरं, आणि ते तिन्ही ओळींत सांभाळायचं. अभंग कानात असलेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचेच, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. फरक एवढा की स्वाहिलीत 'म्' हा एकटा व्यंजनध्वनीही पूर्ण अक्षर म्हणून मोजला जातो. हे माहीत नसलं तर मोजणी चुकते आणि ओळ लंगडी वाटते.

सहा-सहाचं उदाहरण सितीच्या आयुष्यातच आहे. ती नावारूपाला आल्यावर तिला टोमणा मारणारं गाणं निघालं. सिती बिंती साद कधीपासून माणूस झाली? खेड्यातून दोन कानिकी घेऊन आली, आवाज नसता तर खाल्लं काय असतं? कानिकी म्हणजे गडद निळं-काळं स्वस्त कापड, गुलामांचं आणि गरिबांचं. म्हणजे टोमणा जातीचा, रूपाचा आणि कपड्याचा एकदमच. तिने उत्तर गाण्यातच दिलं. रूपाचं काही नाही, मोठ्या घराण्याचंही काही नाही, माणसाचा तोटा एकच, आणि मग शेवटचा अर्ध येतो, 'कुकोसा अकिली'. अकिली म्हणजे अक्कल, आपलाच शब्द, अरबीतून दोघांकडे गेलेला. अक्कल नसणं. कु-को-सा-अ-कि-ली, बरोबर सहा. शिवी नाही, नाव नाही. मोजून सहा अक्षरांत वाद संपवला.

हा फुंबोचा वापर. फुंबो म्हणजे कोडं, आडून बोलणं. ताराबमधलं निम्मं बोलणं असं असतं. मांजरावर गाणं असेल तर ते मांजराबद्दल नसतं. पण सिती नेहमी आडून बोलत नव्हती, आणि मला तिची सर्वात मोठी रचना वाटते ती नाव घेऊन बोलणारी आहे.

किजिती. हे माणसाचं नाव. दार-ए-सलामहून एक बाई झांझिबारला पाहुणी आली होती. तिथल्या ओळखीच्या बायकांबरोबर संध्याकाळी बाहेर पडली, सोबत किजिती होता. त्याने तिच्यावर बलात्कार केला आणि तिला ठार मारलं, आणि मुख्य भूमीकडे पळाला. जिवंत राहिलेल्या बायका फिर्याद घेऊन गेल्या. न्यायाधीशाने त्या बायकांनाच जबाबदार धरलं, तुम्ही तिला नेलीत म्हणून, आणि शिक्षा त्यांना झाली. कोर्टाच्या कागदात प्रकरण तिथे मिटलं. ओट्यावर मिटलं नाही.

गाणं आठ-आठ अक्षरांत आहे. सुरुवात 'ताझामेनी, ताझामेनी', बघा हो, बघा. ही ओट्यावरून घातलेली हाक आहे. वाड्यावरचं गाणं असं सुरू होत नाही. मग पहिल्या कडव्यातल्या तीन ओळींचे शेवट ऐका. पहिली ओळ संपते 'किजिती'वर. दुसरी 'फोलिती'वर. फोलिती हा लहान मुलांचा पळापळीचा खेळ, म्हणजे पाहुणीला खेळायला नेलं. तिसरी ओळ, तिला झुडपांत नेलं आणि परत आणली ती, 'काम्रेजेशा माइती'. का-म्-रे-जे-शा-मा-इ-ती, आठ. माइती म्हणजे प्रेत. आपण ज्याला मयत म्हणतो तोच हा शब्द.

खुन्याचं नाव, मुलांचा खेळ, प्रेत. तीन यमकांत सगळं प्रकरण बसलं. नाव यमकाच्या जागी ठेवल्यावर ते विसरता येत नाही, कारण पुढचे दोन शब्द कानात आले की पहिला आपोआप वर येतो. अक्षर न वाचणारी बाईही एकदा ऐकून हे कडवं घरी नेऊ शकते, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर म्हणू शकते. कोर्टाचा निवाडा कोणाला पाठ नव्हता. हे पाठ झालं. न्याय मिळाला असं मी म्हणणार नाही, किजिती सापडला नाही आणि त्या बायकांनी शिक्षा भोगली. पण कोण दोषी, हा प्रश्न ङांबोत खुला राहिला नाही.

चाल लावण्याचं काम यानंतरचं. आधी वाद्यांचा तुकडा, बश्रफ, त्याने राग म्हणजे मकाम उभा राहतो आणि गाणाऱ्याला स्वर मिळतो. मग एक ओळ गायची, ती बहुतेकदा पुन्हा, मध्ये व्हायोलिनचा भराव. ऊद हे पोटाला फुगीर, पडदे नसलेलं तंतुवाद्य, पाच जोड्या आणि एक खर्जाची अशा अकरा तारा. कानून मांडीवर आडवं ठेवतात. एकेका स्वराला तीन-तीन तारा, असे सव्वीस संच, म्हणजे सर्वसाधारणपणे ७८ तारा, आणि दोन्ही हातांच्या तर्जनीला नखी अडकवून वाजवायचं. मकामांत असे स्वर लागतात जे कोमल आणि शुद्ध यांच्या मधे पडतात. व्हायोलिनला आणि उदाला पडदा नसल्यामुळे ते सहज निघतात. कानूनला प्रत्येक संचापाशी छोट्या पितळी पट्ट्या असतात, त्या उचलून किंवा पाडून तारेची लांबी किंचित बदलायची. हार्मोनियम इथे उपयोगाची नाही, हे आपल्या वाचकाला लगेच कळेल.

बिघडतं काय? हवा. मार्च ते मेपर्यंत मसिकाचा पाऊस असतो. कानूनच्या घोडीखाली कातड्याचे चौकोन ताणलेले असतात. दमट हवेत ते सैल पडतात, घोडी किंचित खाली बसते आणि ७८ तारा एकदम उतरतात, तेही सारख्या नाही. दुम्बाक या ढोलाचं आणि रिका या खंजिरीचं कातडंही बद्द वाजू लागतं, ते शेगडीवर शेकून घ्यावं लागतं, आणि जास्त शेकलं तर फाटतं. दुसरा बिघाड माणसांचा. व्हायोलिनवाला भराव लांबवतो आणि गाणारीच्या पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर खाऊन टाकतो. आठ अक्षरांतलं एक गेलं की ओळ गेली. आपल्याकडे संवादिनीची संगत करणाऱ्याला जे सांगतात तेच तिथेही लागू, गाणाऱ्याच्या मागे राहा आणि श्वास ओळख.

१९२८ साली ही मंडळी बोटीने मुंबईला आली, हिज मास्टर्स व्हॉइससाठी ध्वनिमुद्रण करायला. झांझिबारला मुंबई लांब वाटत नसे. व्यापार तिकडचा, कापड तिकडचं, आणि झांझिबारचं चलन १९३६पर्यंत रुपयाच होतं. पूर्व आफ्रिकेतल्या ज्या गायकांचा आवाज सर्वात आधी व्यापारी तबकडीवर आला त्यांत सिती आहे, आणि तो मुंबईत उमटला. पुढे मुंबईच्या आणखी फेऱ्या झाल्या, शेकडो गाणी भरली गेली, तबकड्या हजारोंनी खपल्या. याच सुमाराला ङांबोत लोकांनी घराखालच्या जमिनीचं भाडं द्यायचं नाकारलं होतं, आणि भाडं मागणाऱ्या जमीनमालकांत भारतीय कुटुंबंही होती. मुंबईचं नातं सांगताना ही बाजू लपवण्यात अर्थ नाही.

तबकडीचं तंत्र त्या वेळी असं. जाड मेणाची चकती गरम करून मऊ ठेवायची, तिच्यावर कापणारी सुई चर कोरत जाते. ध्वनिग्राहक आणि विजेवर चालणारं मुद्रण १९२५नंतर आलं होतं, त्यामुळे भोंग्यात तोंड घालून ओरडायची पाळी सितीवर आली नाही. पण सुरू केलेलं थांबवता येत नसे. खोकला आला, तार तुटली, ओळ चुकली, तर ती चकती बाद. दहा इंची तबकडी, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला तीन मिनिटांच्या थोडं वर. तिच्या द्रव्यातली लाख आपल्याच पळसा-कुसुमाच्या झाडांवरची.

तीन मिनिटं! ओट्यावर एक गाणं अर्धा तास चाले. तेव्हा कापलं काय, तर आधी बश्रफ, मग ओळींची आवर्तनं, आणि मग कडवी. तबकडीत जी कडवी आहेत ती बहुधा सुरुवातीची आणि ठरलेली. ओट्यावर त्याच संध्याकाळी सुचलेलं कडवं तिथे पोचणं शक्यच नव्हतं.

आणि कापली गेली ती ऐकणाऱ्यांची बाजू. ताराबमध्ये कुतुंझा नावाची रीत आहे. एखादी ओळ आपल्यालाच लागू आहे असं वाटलं की श्रोता उठतो, डुलत गाणाऱ्यापर्यंत जातो आणि पैसे देतो. हे बक्षीस असतं, आणि जाहीर बोलणंही असतं. जाताना एखादी बाई कोणाकडे बघते, कोणासमोर थबकते, यावरून सभेला कळतं की ती ओळ कोणावर फेकली. गाणारी ती ओळ पुन्हा घेते, तिसऱ्यांदा घेते. गाण्याची लांबी त्या उठण्यावर ठरते. हे काढून घेतलं की राहतो आवाज आणि मजकूर. तोही थोर आहे, पण अर्धा आहे.

ह्या जुन्या तबकड्या आता संगणकावर ऐकायला मिळतात, तेव्हा दोन गोष्टींकडे लक्ष द्यावं. एक, वेग. '७८' हा आकडा त्या काळी सगळीकडे काटेकोर पाळला जात नसे. ७४ फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ७८वर फिरवली की आवाज जवळजवळ अर्धा स्वर चढतो आणि गाणारी पोरसवदा, किनरी वाटते. सिती तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेली होती. व्हायोलिन चिरकं वाटलं आणि ताल उगाच घाईत वाटला तर वेग थोडा उतरवून पाहा. दोन, साफसफाई. खरखर काढायच्या नादात वरचे ध्वनी कापले जातात, आणि त्यांच्याबरोबर स, श, झ जातात. 'काम्रेजेशा'मधला श गेला तर उरलं काय? खरखर राहू द्यावी. पहिल्यांदा ऐकताना फक्त ओळींचे शेवट धरावेत. भाषा येत नसली तरी यमक पकडता येतं, आणि कडवं कुठे संपलं ते कळतं. मग व्हायोलिन.

सिती १९५०च्या जुलैमध्ये गेली. तिचं चरित्र तांगाच्या शाबान रॉबर्टने लिहिलं, स्वाहिलीतला तो मोठा कवी. पुढे ताराबमध्ये ऑर्केस्ट्रा शिरला, हिंदी सिनेमाच्या चाली शिरल्या, मोम्बासात तर ताशकोता आला. ताशकोता म्हणजे कळा दाबून वाजवायचा तो तारांचा पेटीवजा बाजा, बुलबुलतरंग. गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टीवाला वाजवतो तोच.

पण किजितीचं गाणं ऑर्केस्ट्राकडे गेलं नाही. ते बी किदुदेकडे गेलं. फातुमा बिंती बराका हे तिचं खरं नाव, 'बी' म्हणजे आपल्यासारखं 'बाई'. सितीच्या काळात ती लहान मुलगी होती, मोठ्यांचं गाणं ऐकून शिकलेली. पुढे उन्यागोचे, म्हणजे वयात आलेल्या मुलींच्या विधींचे ढोल वाजवणारी, विडी ओढणारी, अनवाणी गाणारी बाई. आवाज सितीच्या उलट, जाड, घोगरा, तळातून येणारा. २०१३च्या एप्रिलमध्ये ती गेली, तोपर्यंत तिच्या गाण्यांत किजिती होता. तिच्या ध्वनिमुद्रणात तीन मिनिटांची सक्ती नाही. हाक मात्र तीच. ताझामेनी, ताझामेनी. आणि ओळीच्या शेवटी त्याचं नाव.